७२ तासांची गोळी, महिन्यात तिसऱ्यांदा

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

इथे बऱ्याच जणांची मुलं कॉलेजात आहेत आणि बरेच जण स्वतःच कॉलेजात आहेत, म्हणून हा धागा. मी एका विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे. सर्दी-ताप, मुरगळलेले पाय, परीक्षेआधीची पोटदुखी आणि दार लोटून घेऊन हळू आवाजात विचारलेले प्रश्न, असा दिवस जातो.

गेल्या आठवड्यात एक मुलगी आली. बसली, बॅगेच्या आतल्या कप्प्यातून गोळीचं रिकामं पाकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं. त्यात एकच गोळी असते, दीड मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल. असुरक्षित संबंधांनंतर ७२ तासांच्या आत घ्यायची, म्हणून सगळे तिला ७२ तासांवाली म्हणतात. "मॅडम, या महिन्यातली ही तिसरी. पाळीचा पत्ता नाही. आता?"

बाहेर बाकावर एक मुलगा बसला होता. मांडीवर स्वतःची बॅग, हातात तिची पाण्याची बाटली. समोरच्या भिंतीवर दृष्टिदोषाचा तक्ता आहे, तो पंधरा मिनिटं मन लावून वाचत होता. आत बोलावलं तर आधी तिच्याकडे बघितलं. परवानगी तिनेच द्यायची होती. (ते बरोबरच म्हणा.)

टेस्ट निगेटिव्ह आली. दोघांचे खांदे एकदम खाली आले. मग मी विचारलं, एरवी काय वापरता? तो म्हणाला, "काळजी घेतो आम्ही." या वाक्याचा अर्थ मला आता पाठ आहे. वेळेवर बाजूला होतो, एवढाच तो अर्थ.

मुलगी जीवरसायनशास्त्राची. प्रोजेस्टेरॉनची रचना तिने कागदावर काढून दाखवली असती. पण मंगळवारी घेतलेली गोळी शुक्रवारी कामाची नसते, हे तिला माहीत नव्हतं. ही गोळी बीजांड बाहेर पडणं लांबवते, बस. घेतल्यानंतरच्या संबंधांना तिचं संरक्षण नाही. उलट लांबलेलं बीजांड पुढे कधीतरी बाहेर पडणारच, म्हणजे त्याच महिन्यात पुढचे दिवस जास्त जोखमीचे. आणि तीन गोळ्यांनंतर पाळी पुढेमागे होते, की ही बिचारी पुन्हा घाबरते.

मला प्रश्न पडतो तो असा. साधनांची नावं यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत आहेत. तरी नेहमीची सोय का करत नाहीत? माझा अंदाज: आधी ठरवणं म्हणजे कबूल करणं. कंडोम आणून ठेवला की 'हे होणार आहे' असं स्वतःशी म्हणावं लागतं. गोळी नंतर घेतली की 'झालं अचानक' म्हणता येतं. तिसऱ्यांदासुद्धा अचानकच.

तुम्हाला काय वाटतं?

उंटावरचा_शहाणा

मुलं शिकायला जातात की याला? सोयी वाढवल्या की प्रकार वाढणारच. मूळ प्रश्नाकडे कोणी बघायचं?

पाटीपेन्सिल

शहाणेकाका, माझ्या केंद्रात कंडोमची पेटी नव्हती तेव्हाही प्रकार होते. फक्त तेव्हा मुली माझ्याकडे उशिरा यायच्या. आठव्या-नवव्या आठवड्यात. कुणी थांबायचं ठरवलं असेल तर त्या निर्णयाबद्दल मला आदरच आहे, पण जे थांबलेले नाहीत तेच माझ्या दारात येतात.

अर्धवट_इंजिनियर

तिसऱ्या वर्षाला आहे, नाव लपवून लिहितोय. मॅडमचा अंदाज निम्मा बरोबर. उरलेलं निम्मं लाजेपेक्षा भीतीचं आहे: नीट जमेल का?

आमच्या मजल्यावर अर्ध्या पोरांच्या पाकिटात एक कंडोम असतो. वर्षभर तोच. कागदाच्या कडा गोल झालेल्या, चामड्यावर त्याचा ठसा उमटलेला. तो वापरायचा नसतो, असायला हवा म्हणून असतो.

माझी पहिली वेळ सांगतो, हसा खुशाल. अंधारात उलटा लावला. उलगडेना. मग काढून पालथा केला आणि तोच लावला. नंतर दोन आठवडे झोप नाही. ते चुकलं होतं का?

पाटीपेन्सिल

चुकलं होतं, आणि विचारलंस म्हणून शाबासकी. उलट्या बाजूने टेकलेल्या कंडोमवर सुरुवातीचा स्राव लागलेला असू शकतो, त्यात शुक्राणू असू शकतात. तो फेकायचा, नवा घ्यायचा. म्हणून एक कधीच नाही, तीन जवळ ठेवायचे. आणि दिवा लावायचा! अंधाराची एवढी काय हौस असते कळत नाही.

पाकिटातला फेकून दे. उष्णता आणि घासणं, दोन्हीने लॅटेक्स कमकुवत होतं.

गोळीबंद

मी औषधविक्रेता. काउंटरवरून जे दिसतं ते सांगतो. मुलगे आधी तीन वस्तू मागतात. कंगवा, बँडेज, घशाच्या गोळ्या. मग चौथी, तोंडातल्या तोंडात. मुली मोबाइलवर नाव लिहून पडदा माझ्याकडे वळवतात. ७२ तासांवाली मागताना मात्र कुणी अडखळत नाही. घाई असते ना, लाज मागे पडते.

कंडोम घेणाऱ्या दहा जणांपैकी एकही तारीख बघत नाही. आणि एक महत्त्वाचं: लॅटेक्सबरोबर खोबरेल तेल, बेबी ऑइल, व्हॅसलीन काहीही लावायचं नाही. तेलाने लॅटेक्स काही मिनिटांत कमजोर होतं. लागलंच तर पाण्यावर किंवा सिलिकोनवर आधारित वंगण. दोन कंडोम एकावर एक घालणारे महाभागही आहेत. एकमेकांवर घासून दोन्ही फाटायची शक्यता वाढते.

गणिती_किडा

आकड्यांशिवाय धागा अळणी. अमेरिकेतल्या पाहण्यांवरून काढलेले आणि सगळीकडे वापरले जाणारे अंदाज असे. १०० जोडप्यांनी वर्षभर काहीच वापरलं नाही तर साधारण ८५ जणींना दिवस जातात. नुसतं 'बाजूला होणं' असेल तर २०. कंडोम १३. रोजची गोळी ७. कॉपर-टी एकाहून कमी. दंडात बसवायची हार्मोनची कांडी, म्हणजे इम्प्लांट, हजारात एक.

हे झाले माणसं प्रत्यक्षात जशी वापरतात तसे. तंतोतंत वापरलं तर कंडोम २ आणि गोळी हजारात ३. मला मजा वाटते ती या दोन रकान्यांमधल्या अंतराची. कॉपर-टी आणि इम्प्लांटमध्ये ते जवळजवळ नाही, कारण एकदा बसवलं की माणसाला विसरायला काही उरतच नाही.

आता पदवीची चार वर्षं धरा. वर्षाला १३ टक्के, तर चारही वर्षं सुटण्याची शक्यता ०.८७ चा चौथा घात, म्हणजे ५७ टक्के. थोडक्यात १०० पैकी ४३ जोडप्यांना पदवीच्या आत एकदा तरी धक्का. नीट वापरलं तर हाच आकडा ८.

अर्धवट_इंजिनियर

बाप रे. म्हणजे दर आठ वेळांत एकदा फाटतो?

गणिती_किडा

नाही नाही. १३ हा वर्षाचा आकडा आहे, एका वेळेचा नाही. आणि त्यातले बरेच 'या वेळी राहू दे' म्हणणारे. पाहणीत कंडोम हेच साधन सांगितलं, पण ड्रॉवरमध्ये राहिला, तरी तो कंडोमच्याच खात्यात पडतो.

निळीशाई

किडेसाहेब, तुमच्या चौथ्या घातावर आक्षेप. दर वर्षी तोच दर धरलात. बेफिकीर जोडपी पहिल्याच वर्षी पाहणीतून बाहेर पडतात, उरलेल्यांना सराव होतो, दर उतरत जातो. शिवाय विद्यार्थ्यांचं आयुष्य सलग नसतं. सहा महिने प्रेम, चार महिने विरह, मग प्रबंध.

गणिती_किडा

मान्य. ४३ ही वरची मर्यादा समजा. पण ५७ वर निर्धास्त झोपणारेही मी पाहिलेत.

निळीशाई

आता स्वतःचं. पीएचडीच्या पहिल्या वर्षापासून रोजची गोळी घेते. फोनवर रात्री नऊचा अलार्म, त्याचं नाव ठेवलं होतं 'झाडांना पाणी'. एकदा परिसंवाद लांबला आणि गाइडच्या शेजारीच तो वाजला. त्या म्हणाल्या, "कोणती झाडं आहेत गं?" माझ्या खोलीत एक कुंडीसुद्धा नाही. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, फक्त म्हणाल्या, "जा, घालून ये पाणी."

मैत्रिणींनी गोळी सोडली ती बहुतेक ऐकीव गोष्टींवर. मूल होणार नाही, वजन वाढेल, अंगात साठून राहते. पहिल्या दोन महिन्यांत मळमळ आणि अधूनमधून डाग पडणं मलाही झालं, मग थांबलं. साठून वगैरे काही राहत नाही. माझी एक मैत्रीण गोळी बंद केल्यावर दुसऱ्याच महिन्यात गरोदर होती, तीही ठरवून.

मॅडम, चुकलेल्या गोळीचा नियम एकदा लिहाच. दर वेळी कुणीतरी माझ्या खोलीत येऊन विचारतं.

पाटीपेन्सिल

नेहमीच्या दोन हार्मोनच्या गोळीबद्दल लिहिते. एक चुकली तर आठवेल तेव्हा घ्यायची, पुढची ठरल्या वेळी, एका दिवशी दोन झाल्या तरी चालतं. लागोपाठ दोन किंवा अधिक चुकल्या तर शेवटची चुकलेली लगेच घ्यायची, आधीच्या सोडून द्यायच्या, आणि सलग सात दिवस गोळ्या होईपर्यंत कंडोम किंवा संयम.

सगळ्यात वाईट चूक मात्र मधली नव्हे. नवं पाकीट उशिरा सुरू करणं ही. दोन पाकिटांच्या मध्ये आधीच गोळ्यांना सात दिवसांची सुट्टी झालेली असते, त्यात दोन दिवस वाढले की बीजकोष जागा होतो. कॉलेजच्या सुट्टीनंतर गावाहून परतताना पाकीट दुसऱ्या बॅगेत राहिलं, ही गोष्ट मी दर सत्राला ऐकते.

त्या सात दिवसांत येणारा रक्तस्राव ही खरी पाळी नसते, हार्मोन थांबल्यामुळे आलेला स्राव असतो. डॉक्टरांना विचारून सुट्टी न घेता पुढचं पाकीट सुरू केलं तरी शरीरात काही तुंबत नाही.

ज्यांनी ही गोळी घेऊ नये त्यांचंही सांगते. अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे वेड्यावाकड्या चमकत्या रेषा दिसत असतील, कधी पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली असेल, रक्तदाब जास्त असेल, तर नाही. गाठीच्या भीतीबद्दल एक प्रमाण: गोळी न घेणाऱ्या १०,००० जणींत वर्षाला १ ते ५, घेणाऱ्यांत ३ ते ९, आणि गरोदरपणात ५ ते २०. मुलींना मधला आकडा सांगून घाबरवतात, शेवटचा कुणी सांगत नाही. साधी प्रतिजैविकं घेतल्याने गोळी निकामी होत नाही. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन आणि फेफऱ्यावरची काही औषधं मात्र तिचा परिणाम कमी करतात. ती चालू असतील तर आधी सांगा.

काळी_मांजर

अवांतर, पण विषयाच्या पोटातलंच. विद्यापीठं आणि गर्भनिरोधकं यांचं भांडण जुनं आहे. अमेरिकेत गोळीला गर्भनिरोधक म्हणून परवानगी मिळाली १९६० साली, पण अविवाहित मुलींना ती मिळणं दुरापास्त. १९६५ मध्ये ब्राउन विद्यापीठाच्या आरोग्य प्रमुखांनी दोन सज्ञान विद्यार्थिनींना गोळी लिहून दिल्याची बातमी फुटली आणि देशभर गदारोळ झाला. दोन चिठ्ठ्या, फक्त दोन!

१९६७ मध्ये बिल बेअर्ड नावाचा कार्यकर्ता बोस्टन विद्यापीठात भाषण द्यायला गेला आणि त्याने एका १९ वर्षांच्या अविवाहित मुलीच्या हातात शुक्राणू मारणारा गर्भनिरोधक फेस दिला. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्याने तो गुन्हा होता. तिथेच अटक झाली, पुढे तुरुंगवासही. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७२ मध्ये निकाल लागला: विवाहितांना जो हक्क आहे तो अविवाहितांनाही आहे. एका व्याख्यानाच्या सभागृहातून सुरू झालेली गोष्ट.

कॅनडात मॅकगिल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी १९६८ मध्ये गर्भनिरोधनाची माहितीपुस्तिका छापली, तेव्हा अशी माहिती वाटणंसुद्धा बेकायदा होतं. कायदा १९६९ मध्ये बदलला. पोरं कायद्याच्या एक वर्ष पुढे.

आणि त्याच बोस्टन विद्यापीठात २०२२ साली विद्यार्थ्यांनी इमर्जन्सी गोळीचं यंत्र बसवून घेतलं. बटण दाबा, गोळी घ्या.

उंटावरचा_शहाणा

यंत्रातून! उद्या डॉक्टरही यंत्रातून काढा.

बरं, माहितीपूर्ण प्रतिसाद आहेत, हे मान्य. माझी पुतणी यंदाच विद्यापीठात गेली आहे. मला एवढंच वाटतं की मुलीच्याच गळ्यात सगळं पडतं. गोळी तिने, भीती तिने, पोटात दुखणं तिचं.

निळीशाई

काका, पहिल्यांदाच +१.

अर्धवट_इंजिनियर

आम्हा मुलांसाठी इंजेक्शन येणार होतं ना? बायकांना होणारे दुष्परिणाम पुरुषांना झाले म्हणून प्रयोगच बंद केला, असं वाचलेलं.

काळी_मांजर

अर्धं खरं. ३२० पुरुषांवरचा प्रयोग, दर आठ आठवड्यांनी हार्मोनचं इंजेक्शन, निष्कर्ष २०१६ मध्ये छापून आले. परिणामकारकता उत्तम होती. थांबवला तो सुरक्षिततेवर देखरेख करणाऱ्या बाहेरच्या समितीने, मनःस्थितीतले बदल आणि वेदना यांच्या नोंदी बघून. भाग घेतलेल्या पुरुषांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त जणांनी हे साधन पुढेही वापरू असं सांगितलं होतं. तेव्हा 'पुरुषांनी कांगावा केला' हे चुटक्यापुरतं ठीक.

गोळीबंद

तोवर मुलांच्या हातात कंडोमच आहे, आणि ते कमी नाही. वर आलेल्या बाकी साधनांपैकी एकही लागण थांबवत नाही. एचआयव्ही, गनोरिया, क्लॅमिडिया, कशालाच कॉपर-टी किंवा गोळी अडवत नाही.

पाटीपेन्सिल

याला माझ्याकडून अधोरेखा. क्लॅमिडिया बहुतेक मुलींमध्ये काहीच लक्षण दाखवत नाही आणि वर्षांनी गर्भनलिका खराब झालेल्या सापडतात. म्हणून गोळी असली तरी कंडोम, निदान दोघांची तपासणी होईपर्यंत.

सायलेंट_मोड

आजवर वाचनमात्र होते. कॉपर-टी बाळंतपण झालेल्या बायकांसाठीच असते ना? मी २१ वर्षांची आहे. एका डॉक्टरांनी "तुझं वय आहे का हे" म्हणून परत पाठवलं.

पाटीपेन्सिल

वय आहे. मूल न झालेल्यांना आणि विशीच्या आतल्यांनाही बसवता येते, जागतिक आरोग्य संघटनेचे निकषही तसेच आहेत. बसवताना कळ येते, हे खोटं सांगणार नाही. काहींना खूप येते. वेदनाशामकाबद्दल आधीच विचार, संकोच करू नकोस. पहिले काही महिने पाळी जास्त जाऊ शकते. आधीच खूप जात असेल तर हार्मोनचं लूप बघ, तेही गर्भाशयातच बसवतात, त्याने स्राव कमी होतो. काढलं की गर्भधारणेची क्षमता लगेच परत येते. बायकांसाठी दर तीन महिन्यांनी घ्यायचं गर्भनिरोधक इंजेक्शन असतं, त्याचं तसं नाही, तिथे शेवटच्या डोसनंतर बरेच महिने जाऊ शकतात. दोन वर्षांत मूल हवं असणाऱ्या मुलीला मी ते सुचवत नाही.

आणि हे फार कमी जणींना ठाऊक आहे: असुरक्षित संबंधांनंतर पाच दिवसांच्या आत कॉपर-टी बसवली तर तीच सगळ्यात खात्रीची इमर्जन्सी सोय, ९९ टक्क्यांहून जास्त. वर पुढची बरीच वर्षं काळजी नाही. तिच्याखालोखाल युलिप्रिस्टल नावाची गोळी, १२० तासांपर्यंत. ७२ तासांवाली सगळ्यांना माहीत, कारण ती सहज मिळते.

त्या मुलीचं विचारणाऱ्यांसाठी: ती सोमवारी परत आली होती, त्यालाही घेऊन. तक्ता वाचायला बसला नाही, सरळ आत आला. त्याने कागदावर सात प्रश्न लिहून आणले होते, पहिला होता 'माप कसं निवडायचं'. ती त्याच्या अक्षराला हसत होती. सध्या त्यांचं रोजच्या गोळीवर आणि कंडोमवर ठरलंय. तीन महिन्यांनी बोलावलंय.

नवा_सदस्य_४१७

माफ करा, मध्येच विचारतोय. आत्ताच खातं उघडलं. माझ्या मैत्रिणीने ७२ तासांवाली घेतली आणि साधारण दीड तासाने तिला उलटी झाली. आता रात्रीचा एक वाजलाय. पुन्हा घ्यायची का? दुसरी आहे आमच्याकडे.

पाटीपेन्सिल

हो. दीड तास म्हणजे पहिली अंगात पुरती शोषली गेलेली नाही, दुसरी आत्ताच घ्यायला सांग. थोडं काही खाऊन घेतलं तर मळमळ कमी होते. उलटीवरचं औषध जवळ असेल आणि तिला चालत असेल तर ते आधी. पुन्हा तीन तासांच्या आत उलटी झाली तर सकाळी डॉक्टरांकडे, वाट बघायची नाही. पाळी सात दिवसांहून जास्त लांबली तर टेस्ट. आणि या गोळीने फक्त झालेल्याचं बघितलंय, उद्याचं नाही.

तू तिच्या जवळ आहेस ना?

नवा_सदस्य_४१७

हो. घेतली तिने.